पियानोच्या कागदावर अनोळखी खूण दिसली तर आधी जागा पाहा, मग नाव शोधा

घरच्या घरी पियानो शिकणाऱ्याची गाडी सहसा स्वरांपाशी अडत नाही. कुठली रेघ म्हणजे कुठली पट्टी हे महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांत बसतं. अडायला होतं ते स्वरांच्या आजूबाजूला पसरलेल्या बारीकसारीक खुणांपाशी: ठिपके, कमानी, नागमोडी रेघा, चांदण्या, इटालियन अक्षरं. शिक्षक शेजारी असते तर त्यांनी बोट ठेवून सांगितलं असतं. आणि जिचं नावच माहीत नाही ती खूण शोधायची तरी कुठे? म्हणून बरेच जण ती सोडून पुढे वाजवतात. सहा महिन्यांनी अर्थ कळतो तेव्हा चूक हातात पक्की मुरलेली असते आणि ती काढायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त मेहनत पडते.

स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पट्ट्यावर (स्टाफवर) लिहिलेल्या लिपीत, खुणेचा अर्थ तिच्या आकारावर जितका ठरतो त्याहून जास्त तिच्या जागेवर ठरतो, हे एकदा ध्यानात आलं की निम्मं काम होतं. सगळ्यात साधी खूण घ्या, ठिपका. नोटच्या डोक्याच्या उजवीकडे असेल तर तो लांबी वाढवतो: मूळ लांबीत तिची निम्मी भर. एक मात्रेचा क्रॉचेट दीड मात्रेचा होतो. तोच ठिपका डोक्याच्या बरोबर वर किंवा खाली असेल तर उलटंच घडतं. तो स्टॅकाटो; स्वर साधारण निम्म्या वेळात सोडून द्यायचा आणि उरलेला वेळ शांत ठेवायचा. ठिपके एका कमानीखाली ओळीने असतील तर स्वर सुटे पण मऊ, घाईने न तोडलेले. बारच्या (दोन उभ्या रेघांमधल्या खणाच्या) जाड रेघेला लागून एकाखाली एक दोन ठिपके म्हणजे पुनरावृत्ती. खालच्या स्टाफच्या सुरुवातीला, बास क्लेफ या चिन्हाशेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधली रेघ म्हणजे एफ. आणि छोट्या छत्रीखाली एकच ठिपका असेल तर तो फर्माटा: स्वरावर रेंगाळा, ताल क्षणभर थांबू द्या.

लांबी वाढवणाऱ्या ठिपक्याबद्दल एक बारकावा पुस्तकांत क्वचितच सांगितलेला असतो. नोट रेघेवर बसलेली असेल तर ठिपका त्याच रेघेवर छापला की दिसेनासा होतो, म्हणून तो रेघेच्या वरच्या मोकळ्या जागेत सरकवतात. तो वरच्या स्वराचा नसतो, शेजारच्याच नोटचा असतो.

हार्मोनियम किंवा गाणं शिकून पियानोकडे वळलेल्यांनी इथे जास्तच जपावं. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर ठिपका म्हणजे तार सप्तक, खाली म्हणजे मंद्र. ती सवय इतकी खोल असते की नोटच्या डोक्यावर ठिपका दिसला की हात आपसूक वरच्या सप्तकात जातो. स्टाफवर सप्तक ठिपक्याने कधीच दाखवत नाहीत. नोट कोणत्या उंचीवर छापली आहे त्यावरून ते ठरतं. कमानीचंही तसंच. भातखंड्यांच्या लिपीत खालची कमान म्हणजे एवढे स्वर एका मात्रेत. स्टाफवरची कमान मात्रेबद्दल अशी गोष्ट कधीच सांगत नाही. आणि तिथली समेची फुली इथे पूर्णपणे वेगळ्या अर्थाने भेटते. तिच्याकडे शेवटी येऊ.

पानावरचे सहा प्रदेश

नवी खूण दिसली की नाव शोधण्याआधी ती कुठे आहे आणि कशाला चिकटली आहे ते पाहा. नोटच्या डाव्या अंगाला असलेली खूण बहुतेक वेळा पट्टी बदलते: शार्प ♯ एक पट्टी वर, फ्लॅट ♭ एक खाली, नॅचरल ♮ मूळ पट्टीवर परत. उजव्या अंगाला असलेली वेळ बदलते. डोक्याच्या किंवा दांडीच्या टोकाशी, वर-खाली असलेली खूण बोटाचा स्पर्श सांगते: ठिपका तोडतो, आडवी छोटी रेघ म्हणजे टेन्यूटो स्वराला पूर्ण लांबी आणि थोडं वजन देते, आडवा पडलेला बाणाचा फाळ जोर देतो, उभा फाळ त्याहून जास्त जोर देतो. दोन स्टाफांच्या मधल्या पट्ट्यात आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा असतात आणि त्या सहसा दोन्ही हातांना लागू होतात. खालच्या स्टाफच्याही खाली पेडल असतं. वरच्या स्टाफच्या वर लय असते, आणि परत कुठे जायचं त्याचे रस्ते असतात.

अपवाद आहेत. जोराचा आडवा फाळ आणि आवाज हळूहळू कमी करण्याची कातरी (एका टोकाला मिळणाऱ्या दोन तिरप्या रेघा) एकाच दिशेने उघडतात आणि जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक फक्त लांबीचा. एका नोटपुरती असेल तर जोर, तीन-चार नोटांवर पसरली असेल तर आवाज उतरवत न्या. घाईघाईने छापलेल्या प्रतींत ही दोन्ही अगदी एकमेकांसारखी होतात. तेव्हा पुढे मागे काय आहे ते पाहावं: आधी चढत गेलेली कातरी असेल तर ही बहुधा तिचीच उतरती जोडी असते.

एक पान जवळून

स्वतः शिकणारे बहुतेक जण कधी ना कधी बेटोफेनची ‘फ्यूर एलीझ’ उघडतात. १८१०ची ही छोटी रचना त्याच्या मृत्यूनंतर बरीच वर्षं लोटल्यावर, १८६७ साली छापली गेली. तिच्या पहिल्या दोन ओळींत निम्मा अभ्यासक्रम आहे.

ताल ३/८. म्हणजे एका बारमध्ये तीन क्वेव्हर (अर्ध्या मात्रेच्या नोटा), किंवा सहा सेमीक्वेव्हर (पाव मात्रेच्या). (ट्रिनिटी, एबीआरएसएम अशा परीक्षांच्या पुस्तकांत क्रॉचेट-क्वेव्हर ही ब्रिटिश नावं येतात, अमेरिकी व्हिडिओंत त्यांनाच क्वार्टर आणि एट्थ म्हणतात. शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावीत.) पण पहिल्या बारच्या रेघेआधीच दोन सेमीक्वेव्हर आहेत: ई आणि डी शार्प. हा अपुरा बार आहे, आपल्याकडच्या समेआधीच्या उठावासारखा. जोर रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर येतो, या दोनांवर नाही.

पहिला पूर्ण बार असा: ई, डी शार्प, ई, बी, डी नॅचरल, सी. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी सात, पांढरी दोन, पांढरी एक. बी खालच्या अंगाची आहे. आता नॅचरलच्या खुणेकडे पाहा. डीवर मुळात शार्प नाहीच, कारण क्लेफशेजारी एकही शार्प छापलेला नाही. मग नॅचरल कशाला? कारण बारच्या मध्ये आलेला शार्प त्या बारच्या रेघेपर्यंत त्याच उंचीच्या सगळ्या नोटांवर चालू राहतो. दुसऱ्या स्वराने डी शार्प केली, म्हणून पाचव्या स्वराला ती मोडावी लागते. रेघ ओलांडली की शार्प आपोआप विरतो. म्हणूनच उठावातल्या डीला शार्प असूनही पुढच्या बारमध्ये तो पुन्हा छापावा लागला. क्लेफशेजारचे शार्प-फ्लॅट मात्र सगळ्या सप्तकांना आणि पुढे बदलेपर्यंतच्या सगळ्या बारना लागू असतात. हा भेद न कळल्यामुळे ही रचना चुकीची वाजवली जाते, आणि कानाला खटकलं तरी कुठे चुकलं ते सापडत नाही.

काही प्रतींत कंसात छापलेला शार्प किंवा नॅचरल दिसतो. तो नवी सूचना देत नाही. वाचणारा गोंधळेल म्हणून संपादकाने केलेली आठवण असते.

दुसरा बार. उजव्या हातात ए हा क्वेव्हर, मग एक सेमीक्वेव्हरची विश्रांती, मग सी, ई, ए. बेरीज: दोन, एक, तीन, एकूण सहा. डाव्या हातात तीन सेमीक्वेव्हर आणि पुढे विश्रांती, तीही सहाच. ही बेरीज करण्याची सवय लावून घ्या. कुठल्याही अनोळखी खुणेचा अर्थ आपण लावला तो बरोबर की चूक, हे तपासण्याचं यापेक्षा स्वस्त साधन नाही. बेरीज जमली नाही तर एखादी विश्रांती चुकीची वाचली गेली आहे, ठिपका निसटला आहे किंवा एखाद्या गटावरच्या छोट्या ३ कडे लक्ष गेलेलं नाही.

पुढे पहिल्या भागाच्या शेवटी वर कंसाच्या रेघेत १ आणि २ लिहिलेले दोन बार येतात. पहिल्यांदा १च्या खालचा बार वाजवायचा, मागे जायचं, आणि दुसऱ्या फेरीत १चा बार पूर्ण वगळून थेट २वर यायचं. इथेही बेरीज करून पाहा: १च्या बारमध्ये सहाऐवजी चारच सेमीक्वेव्हर भरतात. छपाईची चूक नाही; राहिलेले दोन म्हणजे सुरुवातीचा उठाव. मागे गेलं की बार पूर्ण होतो.

विश्रांतीच्या खुणांतली एक जोडी नेहमी फसवते. दोन्ही छोटे काळे आयत. खालून चौथ्या रेघेखाली लटकणारा चार मात्रांचा, तिसऱ्या रेघेवर बसणारा दोन मात्रांचा. आणि लटकणाऱ्याला दुसरं काम आहे: बारमध्ये तो एकटाच असेल तर ताल ३/८ असो की ३/४, अर्थ एकच, पूर्ण बार शांत.

आकडे

नोटच्या डोक्याजवळचे १ ते ५ हे आकडे बोटांचे. दोन्ही हातांत अंगठा १ आणि करंगळी ५. पण गटाच्या आडव्या दांडीवर किंवा कंसाच्या मध्ये, बहुधा तिरप्या वळणाचा ३ असेल तर तो ट्रिपलेट: दोनच्या जागेत तीन. बेटोफेनच्या सी शार्प मायनर सोनाटाचा, म्हणजे लोक ज्याला ‘मूनलाइट’ म्हणतात त्या १८०१च्या रचनेचा, पहिला भाग घ्या. प्रत्येक बारमध्ये तीन-तीन क्वेव्हरचे चार गट आहेत. ट्रिपलेट न समजता मोजलं तर सहा मात्रा होतात; ट्रिपलेट समजलं की चार. गंमत म्हणजे छापणारे हा ३ पहिल्या काही गटांवर देतात आणि पुढे सोडून देतात. वाचणाऱ्याने ते तसंच चालू ठेवायचं असतं. कधी कधी त्यासाठी ‘सिमिले’ असा शब्द येतो.

कमानी

कमान दिसली की तीन गोष्टी ओळीने तपासा. ती दोनच नोटांना जोडते का? त्या नोटा एकाच उंचीवर आहेत का? त्यांच्या मध्ये दुसरी नोट नाही ना? तिन्हींना होकार असेल तर तो टाय. दुसरी नोट पुन्हा दाबायची नाही. पहिलीच दाबून ठेवून दोघींची लांबी एकत्र मोजायची. एकाही प्रश्नाला नकार आला तर तो स्लर: स्वर एकमेकांना चिकटवून, कमान संपली की हात हलका उचलून.

कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम दाबायच्या स्वरांच्या जुडग्यात, प्रत्येक स्वराला आपला टाय लागतो. चार स्वरांच्या कॉर्डवर तीनच कमानी असतील तर चौथा स्वर पुन्हा वाजवायचा आहे, आणि संगीतकाराला नेमका तोच ऐकू यायला हवा असतो. आणखी एक: शार्प केलेला स्वर टायने रेघ ओलांडून पुढच्या बारमध्ये गेला तर तो शार्पच राहतो, पुन्हा खूण छापत नाहीत. टाय संपल्यावर त्याच बारमध्ये तो स्वर परत आला तर मात्र शार्प गेलेला असतो.

नक्षी: इथे काळ पाहावाच लागतो

नोटच्या डोक्यावरच्या नागमोडी खुणा आणि बारीक अक्षरात छापलेले इवलेसे स्वर, यांचा अर्थ फक्त जागेवरून लागत नाही. रचना कधीची आहे हेही पाहावं लागतं. स्वतः शिकणाऱ्यांना सर्वात जास्त त्रास इथे होतो, आणि उत्तरं वेगवेगळी मिळतात म्हणून ते खचतात. उत्तरं खरोखरच वेगवेगळी आहेत.

नागमोडी छोट्या खुणेतून उभी रेघ गेली असेल तर तो मॉर्डेंट: मूळ स्वर, खालचा शेजारी, पुन्हा मूळ. रेघ नसेल तर वरचा शेजारी लागतो. नावांचा घोळ आहे. इंग्रजी पुस्तकांत कुठे दोन्हींना मॉर्डेंट म्हणून वरचा-खालचा असा भेद करतात, कुठे एकाला ‘इन्व्हर्टेड’ म्हणतात. म्हणून नाव पाठ करू नका, रेघ पाहा. आडव्या पडलेल्या इंग्रजी एससारखी खूण म्हणजे टर्न: वरचा, मूळ, खालचा, मूळ. मुरकी गळ्यात असणाऱ्याला ही लगेच जमते. तिरपा छेद दिलेला इवलासा स्वर आपल्या कणस्वरासारखा, मुख्य स्वराला निसटता स्पर्श करून जाणारा. छेद नसलेला इवलासा स्वर अठराव्या शतकातल्या रचनेत असेल तर तो घाईचा नसतो. तो मुख्य स्वराची सहसा निम्मी लांबी खातो, आणि मुख्य स्वर ठिपक्याचा असेल तर बहुधा दोन तृतीयांश.

‘टीआर’ अशी दोन अक्षरं म्हणजे ट्रिल. योहान सेबास्टियन बाखने १७२० साली आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, जी शिकवणीची वही सुरू केली तिच्यात या खुणा आणि त्यांचे उलगडे यांचा छोटा तक्ता आहे. त्यात ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात मूळ स्वरापासून सुरू करण्याची रीत रुळली. तेव्हा बाख किंवा त्याच्या काळातलं काही असेल तर वरून सुरू करा; शोपँच्या पुढचं असेल तर आधी मूळ स्वरापासून करून पाहा.

सरावाचा क्रम असा ठेवा. नक्षी पूर्ण वगळून तो तुकडा तालात पक्का करा. मग नक्षी सुट्या स्वरांत पेन्सिलीने वर लिहून काढा, जसं एका क्रॉचेटवरच्या ट्रिलसाठी चार सेमीक्वेव्हर. मग ती तालात बसवा. वेग शेवटी. आधी नक्षी आणि मग ताल असं केलं तर त्या जागी लय हमखास अडखळते आणि ते अडखळणंच पाठ होतं.

कॉर्डच्या डावीकडची उभी नागमोडी रेघ म्हणजे स्वर खालून वर उलगडत न्यायचे. ती दोन्ही स्टाफांतून अखंड गेली असेल तर डाव्या हाताच्या तळापासून उजव्याच्या टोकापर्यंत एकच लाट. दोन स्टाफांवर दोन वेगळ्या रेघा असतील तर दोन्ही हात एकदमच सुरू होतात.

पेडल, सप्तक आणि हातांची अक्षरं

खालच्या स्टाफखाली नक्षीदार अक्षरांत ‘पेड’ म्हणजे उजवं पेडल दाबा, चांदणी म्हणजे सोडा. नव्या प्रतींत त्याऐवजी आडवी रेघ असते आणि तिच्यात मधूनच वर टोक काढलेलं दिसतं. त्या टोकाशी पेडल झटकन सोडून पुन्हा दाबायचं. नवशिक्या माणूस पट्टी आणि पेडल एकदम दाबतो, त्यामुळे मागची कॉर्ड पुढच्यात मिसळून गढूळ आवाज येतो. नवी कॉर्ड हाताखाली वाजली की त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. हात आधी, पाय किंचित मागून. कीबोर्डवर पेडल उलटं वागत असेल, म्हणजे सोडल्यावर स्वर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करा, पाय पेडलवरून काढा आणि पुन्हा चालू करा; बऱ्याच कीबोर्डांना पेडलची दिशा सुरू होतानाच कळते.

‘मूनलाइट’च्या सुरुवातीला ‘सेन्झा सोर्दिनो’ अशी सूचना आहे. शब्दकोशात सोर्दिनो म्हणजे आवाज दाबणारं साधन, त्यामुळे कित्येकांना वाटतं की डावं मऊ पेडल वापरू नका असं सांगितलं आहे. पियानोत सोर्दिनो म्हणजे तारांवरचे डँपर, स्वर थांबवणाऱ्या गाद्या. डँपरविना, म्हणजे उजवं पेडल दाबून. बेटोफेनच्या वेळच्या पियानोत स्वर लवकर विरायचा. आजच्या वाद्यावर पेडल सबंध दाबून ठेवलं तर सगळं एकमेकांत कालवलं जातं, म्हणून कॉर्ड बदलेल तिथे ते बदलावं.

स्टाफच्या वर ८चा आकडा आणि तुटक रेघ असेल तर ती संपेपर्यंत एक सप्तक वर. १५ असेल तर दोन. बास स्टाफच्या खाली असेल तर तेवढंच खाली. ‘लोको’ म्हणजे छापल्या जागी परत या. ८च्या आधी ‘कॉन’ असेल तर लिहिलेला स्वर सोडायचा नाही, त्याच्या जोडीला सप्तकाचा स्वरही दाबायचा.

‘एम. डी.’ म्हणजे उजवा हात, इटालियनमध्येही आणि फ्रेंचमध्येही. डावा हात मात्र इटालियनमध्ये ‘एम. एस.’ आणि फ्रेंचमध्ये ‘एम. जी.’.

नाव सापडत नसेल तेव्हा

म्यूझस्कोर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घ्या. त्यात खुणा गटवारीने मांडलेल्या असतात: स्पर्शाच्या एका जागी, नक्षीच्या दुसऱ्या, पुनरावृत्तीच्या तिसऱ्या. आपली खूण पानाच्या कोणत्या प्रदेशातली आहे हे ठरवलं असेल तर गटही लगेच कळतो. खुणेवर माउस नेला की नाव दिसतं. नंतर ते दोन बार स्वतः टाइप करून ऐका. नक्षीच्या बाबतीत मात्र संगणकाचं वाजवणं अंतिम मानू नका. त्याला काळाचा भेद कळेलच असं नाही.

दुसरा उपाय, दुसरी प्रत. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या रचनांच्या अनेक आवृत्त्या मोफत मिळतात. एकात असलेली कमान किंवा कातरी दुसरीत नसेल तर ती बहुधा संपादकाची भर आहे. बाखच्या रचनांवर एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी आवाजाच्या चढउतारांच्या खुणा भरभरून टाकल्या. ‘उर्टेक्स्ट’ असं लिहिलेली प्रत संगीतकाराच्या हस्तलिखिताला आणि पहिल्या छपाईला धरून असते, आणि संपादकाची भर कंसात किंवा बारीक टाइपात वेगळी दाखवते. जर्मन प्रतीत स्वराचं किंवा स्केलचं नाव ‘एच’ दिसलं तर ती आपली बी. आणि त्यांची ‘बी’ म्हणजे आपली बी फ्लॅट.

जुन्या छपाईच्या पुस्तकांत आणखी दोन गोष्टी गाठ घालतात. काही प्रतींत एक मात्रेची विश्रांती नेहमीच्या वेड्यावाकड्या आकाराऐवजी क्वेव्हरच्या विश्रांतीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. तोंड उलट्या बाजूला. बारची बेरीज केली की लगेच उलगडतं.

आणि ती फुली. नोटच्या डाव्या अंगाला, तिच्याच उंचीवर छोटी फुली असेल तर तो डबल शार्प: स्वर दोन पट्ट्या वर, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. एफ डबल शार्प म्हणजे पांढरी पाच. पण जुन्या इंग्रजी पुस्तकात नोटच्या वर किंवा खाली फुली किंवा अधिकचं चिन्ह दिसलं आणि अख्ख्या पुस्तकात बोटांचा ५ कुठेच सापडला नाही, तर ती फुली म्हणजे अंगठा. त्या पद्धतीत तर्जनी १ आणि करंगळी ४ असते. तेव्हा वाजवायला बसण्याआधी प्रत्येक आकड्यात एक मिळवून पेन्सिलीने शेजारी लिहून घ्या.